सालंगच्या विरळ हवेतून काबूलपर्यंत

उत्तरायण जवळ आलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर मामा मुलांना एकच गोष्ट बजावतात: पतंग तारेत अडकला तर सोडून द्यायचा, ओढायचा नाही. मामांची सगळी नोकरी मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कामात गेली. उघड्या तारेला रबराचं वेष्टण नसतं, भोवतालची हवा हेच तिचं वेष्टण. ओला मांजा त्या हवेतून विजेला वाट करून देतो. यंदा मी त्यांना विचारलं, “मामा, मग डोंगरावर हवा विरळ होते तिथे काय करतात?” त्यावर ते अफगाणिस्तानातल्या एका वीजवाहिनीबद्दल बोलू लागले, ते संध्याकाळपर्यंत.

युद्धांनी पिचलेल्या काबूलमध्ये २००१ नंतरही कित्येक वर्षं वीज दिवसातून काही तासच येई. उत्तरेला उझबेकिस्तानाकडे वीज होती, पण मध्ये हिंदुकुश. आशियाई विकास बँकेसह अनेकांनी उत्तरेकडच्या जोडण्यांसाठी पैसा दिला. उत्तर अफगाणिस्तानातलं पुल-ए-खुमरी ते काबूल ही २२० किलोव्होल्टची, सुमारे २०० किलोमीटर लांबीची वाहिनी आणि काबूलजवळचं चिमताला उपकेंद्र भारताने बांधून दिलं. २००९ मध्ये वीज काबूलला पोचली. वाटेत सालंगची खिंड, उंची सुमारे ३,८०० मीटर.

त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. हवेत मोकळे इलेक्ट्रॉन थोडे का होईना, असतातच. तारेच्या विद्युतक्षेत्रात ते धावू लागतात, पण दाट हवेत पावलोपावली रेणूंवर आदळतात आणि त्यांचा वेग वाढत नाही. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मांडवीच्या बाजारात एखाद्या पोराने पळायचं ठरवलं तर काय होईल, तसंच. पहाटे पाचला मात्र तोच पोरगा सुसाट सुटेल. विरळ हवेत इलेक्ट्रॉनला दोन धडकांमध्ये जास्त अंतर मिळतं. मग तो इतक्या जोरात आदळतो की रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, दोनाचे चार होतात, चाराचे आठ, आणि हवाच विजेला वाट करून देते. भौतिकशास्त्रात याला हिमस्खलनच म्हणतात. बर्फाची खरी हिमस्खलनं जिथे माणसं गाडतात, त्याच सालंगमध्ये इंजिनिअरांना या दुसऱ्या हिमस्खलनाचाही विचार करावा लागला.

उपाय ऐकायला सोपा आहे: तार आणि मनोरा यांच्यातलं अंतर वाढवायचं. मनोऱ्यावरून लोंबणाऱ्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या डिस्कची माळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे; हे अंतर तीच राखते. आपल्याकडे २२० किलोव्होल्टला साधारण १३-१४ डिस्क असतात. १,००० मीटरच्या वर दर १०० मीटरला हवेची वीज अडवण्याची ताकद ढोबळमानाने एक टक्का घटते. आम्ही गच्चीवरच हिशोब केला: सालंगला २८ टक्के, म्हणजे माळेत पाचेक डिस्क जास्त. शिवाय तारेवर साचणाऱ्या बर्फाचं वजन पेलायला मनोरेही भक्कम हवेत.

मला मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अफगाणिस्तान बहुतेक वीज उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि इराण अशा चार दिशांनी विकत घेतो. चौघांची वीज एकाच जाळ्यात ओतता आली असती तर एकाने हात आखडला तरी निभावलं असतं. पण प्रत्यावर्ती (एसी) विजेला लय असते, सेकंदाला ५० आवर्तनं, आणि जोडलेल्या प्रत्येक जनित्राने ती एकत्र पाळावी लागते. बडोद्याच्या गरब्यात हजारो माणसं एका ठेक्यावर फिरतात. शेजारच्या मैदानात वेगळ्या ढोलावर दुसरं वर्तुळ फिरत असेल आणि दोघांनी हात धरले, तर खांदे निखळतील. या शेजाऱ्यांच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्यांची, लय एक नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षं अफगाणिस्तानचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या देशांच्या ठेक्यावर चालले.

यावर तोड आहे, आणि ती आपल्या घरचीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला पश्चिमेकडून आलेली वीज आधी एकदिश (डीसी) करतात, म्हणजे तिची लय काढून टाकतात. मग दक्षिणेच्या लयीत तिला पुन्हा प्रत्यावर्ती करून पुढे पाठवतात. दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी थेट एका लयीत आलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर वाहिनीने. शांततेतल्या, इंजिनिअरांनी भरलेल्या भारताला जिथे इतकी वर्षं लागली, तिथे काबूलकडून घाईची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

जानेवारी २०१६ मध्ये पुल-ए-खुमरीजवळ तालिबानने उझबेकिस्तानकडून येणाऱ्या वाहिनीचा मनोरा पाडला. ऐन हिवाळ्यात काबूल अंधारात गेलं, आणि लढाईमुळे दुरुस्तीची माणसं तिथवर पोचेनात. ग्रिड आखताना पहिला नियम असतो: कुठलाही एक भाग गेला तरी दिवे चालू राहिले पाहिजेत. पैसा देणाऱ्यांना मोठ्या वाहिनीचं उद्घाटन आवडतं. त्या मानाने दुसऱ्या वाटेने जाणारी वाहिनी, दोन-चार दिवसांत उभे करता येणारे ॲल्युमिनियमचे तात्पुरते मनोरे, पगार वेळेवर मिळणारे स्थानिक लाइनमन यांसाठी पैसा मागितला की फायली थंडावतात, असं माझं मत आहे. म्हणून मला हेरातजवळच्या सलमा धरणाचं मोल जास्त वाटतं. १९७०च्या दशकात सुरू झालेलं, युद्धात अडकलेलं ते काम भारताने पुरं केलं आणि जून २०१६ मध्ये ते सुरू झालं. क्षमता फक्त ४२ मेगावॅट, पण पाणी हरी नदीचं, त्यांचं स्वतःचं, आणि शेतीलाही मिळणारं.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधली सत्ता पालटली, परदेशातला पैसा गोठला, आणि काही आठवड्यांतच तिथल्या वीज कंपनीला शेजाऱ्यांची बिलं भरता येईनात. मनोरे सगळे जागेवर होते. “दुसरी लाइन कुठून घेतली आहे?” मामांनी एवढंच विचारलं, आणि मी नकाशा शोधायला फोन काढला.