झोपेत गळतंय की आवरतच नाहीये? म्हाताऱ्या कुत्र्याचं ओलं अंथरूण

इंदूरमध्ये कुणाच्या घरी म्हातारं कुत्रं असेल आणि त्यानं अचानक हॉलमध्ये ओलं करायला सुरुवात केली, की सकाळी फिरायला येणारी मंडळी दोन सल्ले हमखास देतात. "वय झालं हो त्याचं," हा पहिला. "संध्याकाळनंतर पाणी ठेवूच नका," हा दुसरा. पहिला अर्धवट आहे, दुसरा घातक. लघवी गळणं वेगळं आणि लघवी जास्त होणं वेगळं, एवढं कुणी बघायला तयार नसतं.

गळणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कुत्री गाढ झोपून उठते आणि गादीवर डाग दिसतो. तिला पत्ताच नसतो. उठल्यावर तीच तो डाग हुंगत बसते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पकड सैल पडलेली असते, नळाचं वॉशर झिजावं तशी. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये, त्यातही डॉबरमन-बॉक्सरसारख्या मोठ्या जातींमध्ये, हे जास्त दिसतं. त्यावर गोळ्या आहेत आणि त्या बहुतेकींना लागू पडतात. पुढे जाऊ.

दुसऱ्या प्रकारात वॉशर शाबूत असतं, टाकीच ओसंडत असते. कुत्रा रात्री दोनला उठतो, दाराशी जातो, नखांनी दार खरवडतो. कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. मग तो तिथेच बसतो आणि जे होतं ते डागाएवढं नसतं, पुसायला बादली लागते. रंग जवळजवळ पाण्यासारखा, वासही फारसा नाही. सकाळी कान पाडून कोपऱ्यात बसलेला असतो, आता ओरडा बसणार या भीतीनं. अशा कुत्र्याला "घाण करतो" म्हणून ओरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्वच्छतेत पहिला नंबर शहराचा आहे, त्याची परीक्षा कुत्र्याच्या मूत्रपिंडांनी द्यायची नसते.

इथे मूळ दुखणं मूत्राशयाच्या बाहेर असतं. मूत्रपिंडं थकली की लघवी घट्ट करता येत नाही. मधुमेहात साखर लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. कुशिंगच्या आजारात (शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं तो) पोट लोंबतं, केस विरळ होतात, भूक राक्षसी होते. ऑपरेशन न झालेली मादी महिन्या-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेली असेल आणि आता भसाभस पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाहेर काही स्राव दिसतोच असं नाही. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं कारण: पावसाळ्यात खाज सुटली म्हणून दिलेलं स्टेरॉइड. त्यानंही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. डॉक्टरांना ते आठवणीनं सांगा, पण गोळ्या मनानं एकदम बंद करू नका.

आता खरी मेख. झोपेत गळतंय म्हणजे पकडच सैल, असं समजून लोक थेट गोळी मागतात. पण पकड थोडी सैल असूनही कुत्री वर्षानुवर्षं कोरडी राहू शकते, कारण मूत्राशय कधी काठोकाठ भरतच नाही. पुढे मूत्रपिंड कमजोर झालं, लघवी दुप्पट झाली, की तीच पकड रात्री हरते. दिसायला हुबेहूब पहिला प्रकार, मुळात दुसरा. म्हणून "अचानक" या शब्दाकडे मी कान टवकारतो. म्हातारपण हळूहळू येतं. आठवड्यात चित्र पालटलं, तर शरीरात काहीतरी नवीन घडलेलं असतं.

हे ओळखायला यंत्र नको, मापाचा जग पुरे. सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा, दोन-तीन दिवस सलग. घरातल्या इतर भांड्यांना, बाथरूममधल्या बादलीला झाकणं घाला, नाहीतर हिशेब खोटा. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिली ओलांडलं तर ते जास्तच. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्यानं ३ लिटर, १० किलोच्यानं १ लिटर. दही-भात, ताक यांतलंही पाणी धरा. ओलं खाणारा कुत्रा भांड्यातलं कमी पितो, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात थोडी सूट द्या. आणि त्या दिवसांत तरी त्याला सेव-परमल चारू नका! खारट खाल्लं की तहान वाढणारच. खरं तर एरवीही चारू नका, पण इंदुरी माणसाला हे सांगून उपयोग नाही.

पाणी तोडण्याचा सल्ला का घातक, ते आता लक्षात येईल. बहुतेक वेळा कुत्रा जास्त पितो म्हणून जास्त मुतत नाही. शरीरातून पाणी निसटतंय म्हणून तो ते भरून काढायला पितो. भांडं उचललं तरी लघवी थांबत नाही, फक्त भरपाई थांबते. आधीच दमलेली मूत्रपिंडं अशानं दोन दिवसांत बसू शकतात. भांडं भरलेलं ठेवा आणि रात्री एकदा उठा.

डॉक्टरकडे जाताना सकाळची पहिली लघवी घेऊन जा. मादीसाठी लांब दांड्याची जुनी पळी उत्तम: आधी धुऊन, खळखळून, कोरडी केलेली. ती बसली की मागून हळूच सरकवायची. आधी सरकवली तर ती उठते. स्वच्छ बाटलीत भरून दोनेक तासांत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. तिचा घट्टपणा रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे तो मोजायच्या छोट्या उपकरणावर, बघायला सांगा. लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवरचा घट्टपणाचा रकाना कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही, तरी रिपोर्टवर छापून येतोच. उपकरणावरचा आकडा १.०३० च्या वर आला तर मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकतायत. पुन्हापुन्हा १.००८ ते १.०१२ च्या आत अडकला, तर रक्त तपासल्याशिवाय गळण्याची गोळी सुरू करू देऊ नका. ती गोळी रक्तदाब वाढवू शकते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचा रक्तदाब आधीच चढलेला असू शकतो. सोनोग्राफी जवळपास होत नसेल तर इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

बाकीचे प्रकार पटकन सांगतो. थेंबथेंब, पुन्हापुन्हा, जोर लावून होत असेल तर जंतुसंसर्ग किंवा खडा. घरातच वाट चुकून कपाटामागे उभा राहत असेल तर बुद्धीचा ऱ्हास. डायपर या कशाचंच औषध नाही. तपासणी होईपर्यंत गादी वाचते एवढंच, आणि ओला ठेवला तर कातडी सोलून निघते.

मात्र गळण्याबरोबर मागचे पाय लटपटत असतील, किंवा कुत्रा जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तर जग, पळी, हिशेब सगळं बाजूला ठेवा. पहिल्यात मणक्याचा दाब असू शकतो, दुसऱ्यात वाट अडलेली. सकाळची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढा.