डेन्मार्कची गेलेली सुट्टी: पार्श्वभूमी

ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी डेन्मार्कमध्ये १६८६ पासून 'महाप्रार्थना दिन' पाळत. त्या दिवशी भट्ट्या बंद, म्हणून बेकरीवाले आदल्या दिवशीच वेलचीचे गोल पाव भाजून ठेवत, आपल्या शितळासप्तमीसारखंच. पण एवढा धीर कोणाला? लोक गुरुवारी संध्याकाळीच ते गरम करून, लोणी लावून फस्त करत. पुढे तीच रीत झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या सरकारने ही सुट्टी रद्द करायचं ठरवलं, ते युक्रेनमधल्या युद्धाचं कारण देऊन. संरक्षणखर्च जीडीपीच्या २ टक्क्यांवर नेण्याची मुदत २०३३ वरून २०३० वर आणायची होती. लोकांनी वर्षात एक दिवस जास्त काम केलं की तिजोरीत सुमारे ३ अब्ज क्रोनर (डॅनिश चलन) जास्त येतील, असा हिशेब मांडला गेला. कामगार संघटनांना तो पटेना. सुट्ट्या कामाच्या करारांत धरलेल्या असतात. त्या सरकारने परस्पर काढून घेतल्या तर वाटाघाटी करायच्या कशाला, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. बिशपही नाराज झाले. ५ फेब्रुवारी २०२३ ला संसदेसमोर सुमारे ५० हजार लोक जमले. तरी महिनाअखेर विधेयक ९५ विरुद्ध ६८ मतांनी मंजूर झालं. मासिक पगारदारांच्या हाती भरपाई पडली वार्षिक पगाराच्या ०.४५ टक्के.

खरं तर संरक्षणाच्या बाबतीत त्याहून मोठं वळण आधीच घेऊन झालं होतं, तेही फारशी आदळआपट न होता. १९९२ मध्ये युरोपीय संघ घडवणारा मास्ट्रिख्ट करार नाकारल्यावर डॅनिश जनतेला ज्या सवलती देऊन राजी केलं, त्यांतली एक म्हणजे युरोपीय संघाच्या संरक्षण सहकार्यातून बाहेर राहण्याची मुभा. १ जून २०२२ च्या सार्वमतात ६६.९ टक्के मतदारांनी ती सोडून दिली.

संरक्षणाचा हा प्रश्न जुनाच. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४० ला काही तासांत देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि तटस्थतेवरचा विश्वास उडाला. १९४९ मध्ये डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य झाला. शीतयुद्ध सरल्यावर मात्र सैन्य परदेशी मोहिमांसाठी घडवलं गेलं, घरचं संरक्षण आखडलं, २००४ मध्ये पाणबुड्याही मोडीत निघाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सगळा तोफखाना युक्रेनला देत असल्याचं सांगितलं. १ जुलै २०२५ पासून सक्तीच्या लष्करी सेवेच्या सोडतीत मुलीही आल्या.

२ टक्क्यांचा टप्पा, युक्रेनची मदत धरून, २०२४ मध्येच ओलांडला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन वर्षांसाठी आणखी ५० अब्ज क्रोनर जाहीर झाले. त्यासाठी कोणाचीही सुट्टी मागावी लागली नाही.