जुनी इलेक्ट्रिक गाडी घरी सावकाश का चार्ज होते?

गाडी जुनी झाली आणि घरी चार्ज व्हायला पूर्वीपेक्षा अधिक तास लागू लागले, की बहुतेक मालक बॅटरीला दोष देऊन मोकळे होतात. हिशेब मात्र नेमका उलटा आहे. बॅटरी थकते म्हणजे तिची ऊर्जा साठवण्याची क्षमता घटते आणि घटलेली क्षमता तेवढ्याच विजेवर लवकर भरायला हवी. २०१० च्या अखेरीस विक्रीस आलेल्या निस्सान लीफची बॅटरी २४ किलोवॉट-तासांची होती. तिच्यात २ किलोवॉट दराने ऊर्जा जात असेल, तर नव्या गाडीच्या चार्जचा आकडा तासाला साधारण ८ टक्क्यांनी चढेल. क्षमता मूळच्या ७० टक्क्यांवर आली असेल, तर तोच आकडा तासाला जवळजवळ १२ टक्क्यांनी चढेल. तेव्हा जुन्या गाडीचा आकडा रेंगाळत असेल, तर पहिला संशय बॅटरीपर्यंत वीज नेणाऱ्या वाटेवर घ्यायला हवा.

घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते आणि बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवर बसवलेली चार्जिंगची पेटी ही केवळ गाडीशी बोलू शकणारी, सुरक्षेची काळजी घेणारी कळ असते. हे बोलणे पायलट नावाच्या पिनेवरून चालते. पेटी सेकंदाला १००० स्पंदने पाठवते आणि प्रत्येक स्पंदनाच्या आवर्तनातला किती भाग संकेत वरच्या पातळीवर राहतो, यावरून किती प्रवाह ओढायची मुभा आहे हे गाडीला समजते: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, २५ टक्के म्हणजे १५, ५० टक्के म्हणजे ३०. सुट्या टाइप-२ (एसी चार्जिंगच्या एका प्रचलित प्लगच्या) केबलच्या टोकातही एक रोधक बसवलेला असतो. तो २२० ओहमचा असेल तर केबल ३२ अँपिअरची आणि ६८० ओहमचा असेल तर २० अँपिअरची मानली जाते. पेटीची मुभा, केबलची मर्यादा आणि ऑनबोर्ड चार्जरची कुवत या तिन्हींपैकी जी सर्वांत कमी, तीच चार्जिंगची गती ठरवते. सुरुवातीच्या लीफमधला ऑनबोर्ड चार्जर सुमारे ३.३ किलोवॉटचाच होता, त्यामुळे तिच्यासाठी ७ किलोवॉटची पेटी बसवून काहीही वाढत नाही. तसेच ११ किलोवॉटची थ्री-फेज (तीन तारांतून वीज देणारी) पेटी सिंगल-फेज (एकाच तारेतून वीज घेणाऱ्या) गाडीला १६ अँपिअर, म्हणजे ३.७ किलोवॉटच देते. ही मंदगती म्हणजे बिघाड नव्हे. गाडीच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये कोणीतरी प्रवाहाची मर्यादा कमी करून ठेवली आहे का, हेही आधीच पाहून घ्यावे. अनेक तक्रारी तिथेच संपतात.

खरा बिघाड असेल, तर तो बहुधा सॉकेटमध्ये किंवा वायरिंगच्या जोडांमध्ये सापडतो. इस्त्री किंवा गिझर काही मिनिटे पूर्ण भार ओढतात आणि थांबतात. गाडी मात्र तोच भार आठ-दहा तास सलग ओढते. रोज तापणे आणि निवणे यामुळे टर्मिनलचे स्क्रू हळूहळू ढिले होतात, पितळी पाकळ्यांचा ताण जातो आणि संपर्काचा रोध वाढतो. समजा, चार्जिंग सुरू नसताना सॉकेटवर २३२ व्होल्ट दिसतात आणि १६ अँपिअर वाहू लागताच ते २१४ वर येतात. मधले १८ व्होल्ट वाटेतच खर्च झाले, म्हणजे २८८ वॅट उष्णता कुठेतरी निर्माण होते आहे. ती लांब तारेत पसरली असेल तर नुकसान विजेचे. पण ती एकाच ढिल्या स्क्रूपाशी साठली असेल तर आगीचे भय. प्लगच्या पिनांवर तपकिरी डाग, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळसर पडलेले प्लास्टिक किंवा अर्ध्या तासानंतर हाताला सहन न होणारा प्लग दिसला, तर चार्जिंग थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पुष्कळ पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि प्लग तापताच तो प्रवाह कमी करतो. मालकाला चार्जर बिघडल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो आपले काम चोख करीत असतो. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी चार्ज करणे तर मुळातच टाळावे.

प्रवाह असा घटला की आणखी एक तोटा होतो. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक, पंप आणि इतर उपकरणे जागी असतात आणि तीही वीज खातात. हा खर्च ३०० वॅट धरला, तर ६ अँपिअरवर मिळणाऱ्या सुमारे १४०० वॅटमधला पाचवा हिस्सा त्यातच जातो. म्हणून प्रवाह निम्मा झाला, की वेळ दुपटीहून अधिक वाढतो.

गती किती कमी आहे यापेक्षा ती केव्हा कमी होते, हे टिपणे माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे. पहिल्या मिनिटापासूनच मंद असेल तर सेटिंग, केबल, फेज किंवा कमी दाब. सुरुवात जोरात होऊन वीस-तीस मिनिटांनी मंदावत असेल तर उष्णता, म्हणजे एक तर तापणारा प्लग किंवा शीतकाचा पंप अथवा पंखा नीट न चालल्यामुळे स्वतःला आवरणारा ऑनबोर्ड चार्जर. शेवटच्या काही टक्क्यांत रेंगाळणे मात्र स्वाभाविक आहे, कारण तेव्हा सेल, म्हणजे बॅटरीतले छोटे घटक, एकसारख्या पातळीवर आणून समतोल केले जातात; जुन्या बॅटरीत सेलांमधली तफावत वाढलेली असल्याने हा टप्पा लांबतो. बॅटरीचे वय घरच्या चार्जिंगमध्ये जाणवते ते एवढेच. कडाक्याच्या थंडीत लिथियमचा धातुरूप थर साचू नये म्हणून गाडी स्वतःच प्रवाह आवरते किंवा काही वीज बॅटरी गरम करण्यात घालवते. तोही दोष नव्हे.

थ्री-फेज गाडीची गती नेमकी दोन-तृतीयांशावर आली असेल, तर एक फेज गेलेला असतो किंवा ऑनबोर्ड चार्जरच्या तीन भागांपैकी एक बंद पडलेला असतो. यांतले कोणते, हे दुसऱ्या ठिकाणच्या थ्री-फेज एसी चार्जरवर गाडी लावली की लगेच उघड होते: तिथे गती पूर्ववत झाली तर दोष घरात, नाही झाली तर गाडीत. गाडीत दोष निघाल्यास डीसी फास्ट चार्जरवरही एकदा पाहावे. ती वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत जाते, त्यामुळे तिथे सर्व सुरळीत असेल तर बॅटरी बदलण्याचा विचार सोडून ऑनबोर्ड चार्जर तपासायला सांगावे. तो स्वतः उघडू नये. आत ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि गाडी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तो काही काळ टिकतो.