ब्लोअरऐवजी शेवाळ: गोठ्याचं पाणी असंही निवळतं

गोठा धुतल्यावर जे पाणी बाहेर पडतं, त्यात शेण, मूत्र, चाऱ्याचा चुरा असं सगळं असतं. ते ओढ्यात गेलं की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात आणि ते खाता खाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. ओढ्यातले मासे मग पुष्कळदा गुदमरून मरतात. खरं तर जिवाणू सफाईचंच काम करत असतात, त्यांना श्वास पुरत नाही एवढंच.

नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात हा श्वास ब्लोअर लावून पुरवतात. प्रकल्पाच्या एकूण विजेपैकी जवळपास निम्मी वीज या हवा फुंकण्यातच जाते. अमोनियाचं नायट्रेट करायचं तर एक ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि जनावरांच्या मूत्रामुळे या पाण्यात अमोनियाला तोटा नसतो.

१९५०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली इथे, विल्यम ओस्वाल्ड आणि हॅरॉल्ड गोटास यांनी हे काम सूर्यप्रकाशावर सोपवलं. उथळ तळ्यात क्लोरेलासारखं सूक्ष्म शेवाळ वाढवायचं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं, तो जिवाणू घेतात. जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेतं. पाण्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाच्या पेशींत जमा होतं. अशी तळी आजही बांधतात: धावपट्टीसारखी लांबोळी, साधारण वीस ते चाळीस सेंटिमीटर खोल, आणि पाणी हलतं ठेवायला संथ फिरणारं वल्ह्यांचं चाक.

ही देवाणघेवाण वायूंवर थांबत नाही. शेवाळाच्या अभ्यासलेल्या जातींपैकी जवळपास निम्म्या जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागतं. शेवाळाला ते स्वतः बनवता येत नाही, अनेक जिवाणूंना येतं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

प्रत्यक्षात मात्र गोठ्याचं पाणी शेवाळाला सहज मानवत नाही. एक तर ते गडद तपकिरी असतं, त्यामुळे प्रकाश वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडतो. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: निरुपद्रवी अमोनियम आणि पेशींना घातक मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ९.२५ झाला की निम्मा अमोनिया घातक रूपात असतो. शेवाळ जोमात वाढलं, की ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यामुळेच पाण्याचा सामू चढतो. म्हणजे भर दुपारी, वाढ सर्वांत जोरात असताना, शेवाळच आपल्याभोवतीचं पाणी विषारी करू लागतं. शिवाय मुक्त अमोनिया हवेत उडून जातो. म्हणून ‘अमोनिया इतका कमी झाला’ असा आकडा दिसला, की त्यातला किती पेशींत गेला आणि किती नुसता उडाला, हे विचारायलाच हवं. पाणी आधी पातळ करणं, ते थोडं थोडं सोडणं, सामू उतरवायला कार्बन डायऑक्साइड देणं हे यावरचे उपाय.

मग शेवाळ पाण्यातून काढायचं कसं? एका लिटरमध्ये कोरडं शेवाळ बहुधा एक ग्रॅमही भरत नाही. पेशी काही मायक्रॉनच्या, सगळ्यांवर ऋण भार, त्यामुळे त्या एकमेकींना दूर सारत तरंगत राहतात. इथेही जिवाणू कामी येतात. त्यांच्या चिकट स्रावात पेशी अडकून गुठळ्या होतात आणि आपल्या वजनाने तळाशी बसतात. बसलेल्या गुठळ्यांचा काही भाग पुन्हा तळ्यात सोडला, की हळूहळू चांगल्या बसणाऱ्या जातींचंच तिथे राज्य होतं.

माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल त्या गुठळ्यांत आहे. नेहमीच्या प्रक्रियेत नत्र शेवटी वायू होऊन हवेत परत जातं, आणि दुसरीकडे खत कारखाने प्रचंड ऊर्जा ओतून तेच नत्र हवेतून खेचत असतात. शेवाळात ते हाताशी राहतं आणि खत म्हणून शेतात जाऊ शकतं. चारा म्हणून वापरायचं असेल तर मात्र सावध राहायला हवं. वराहपालनाच्या खाद्यात अनेकदा तांबं आणि जस्त मिसळतात, जनावरांना औषधंही दिली जातात. यातलं बरंच काही शेणामूत्रातून पाण्यात येतं आणि शेवाळ ते शोषून घेतं. त्यामुळे प्रत्येक ठिकाणचं शेवाळ आधी तपासूनच वापरावं लागतं.