इन्स्पिरेशन, स्पिरिट आणि एक्स्पायरी: सगळं एकाच श्वासातलं

'इन्स्पिरेशन' हा शब्द हल्ली रील्समधे, कॉलेजच्या भाषणात, जिमच्या भिंतीवर सगळीकडे दिसतो आणि आपण समजतो की आतून काहीतरी उसळून वर येणं म्हणजे इन्स्पिरेशन. मूळ कल्पना बरोब्बर उलटी आहे. लॅटिनमधे 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणं, वारा वाहणं, आणि 'इन' म्हणजे आत, म्हणून 'इन्स्पिरारे' म्हणजे आत फुंकणं. फुंकणारा वेगळाच कोणीतरी असतो, माणसाचं काम फक्त ते आत घ्यायचं.

रोमन कवींनी हे चित्र अगदी रंगवून ठेवलंय. व्हर्जिलचं 'इनीड' हे महाकाव्य इ.स.पू. 29 ते 19 या काळातलं, त्याच्या सहाव्या भागात इटलीत नेपल्सजवळच्या क्युमी गावची सिबिल भेटते, भविष्य सांगणारी पुजारीण. अपोलो देव तिच्यात थोर मन 'फुंकतो' आणि पुढचं घडणारं तिला उघडं करून दाखवतो असं व्हर्जिल लिहितो, आणि क्रियापद हेच. मग तिच्या चेहऱ्याचा रंग बदलतो, केस विस्कटतात, छाती धपापते, आवाज माणसाचा वाटेनासा होतो. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात ना, तसंच सगळं. त्याच्या जरा आधी, इ.स.पू. 45 च्या सुमारास सिसेरो या रोमन लेखकानेही लिहिलंय की देवाची थोडीतरी फुंकर लागल्याशिवाय कोणी मोठा माणूस झालेला नाही, फक्त त्याचा शब्द 'आफ्लातुस', फुंकणे या अर्थाच्या 'फ्लारे' धातूपासूनचा, ज्यातून पुढे इन्फ्लेशन आलं (हो, महागाईवालंच, मूळ अर्थ फुगवणं).

आणि श्वास आत येणं जितकं मोठं तितकंच बाहेर जाणंही. मरणाऱ्या माणसाचा शेवटचा श्वास जवळच्या नातेवाईकाने आपल्या ओठांनी टिपून घ्यायचा ही तिथली भावना होती, इनीडच्याच चौथ्या भागात डिडो राणी मरत असताना तिची बहीण ॲना म्हणते की अजून एखादा श्वास रेंगाळत असेल तर तो मी माझ्या तोंडाने टिपून घेते. मला हा प्रसंग फार लागतो. 'एक्स्पायर' म्हणजे श्वास बाहेर सोडणं, ते इथलंच, आणि गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी डेट त्याचीच लेक.

पुढे बायबल लॅटिनमधे आलं तेव्हा या शब्दाचं वजन एकदम वाढलं. हिब्रूतला 'रुआख' आणि ग्रीकमधला 'न्यूमा', दोन्हींचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिन्ही, त्यांना लॅटिनमधे 'स्पिरितुस' मिळाला. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या ख्रिस्ती संताने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं त्यात देव मातीच्या माणसात प्राण फुंकतो तिथे 'इन्स्पिराविट' आहे, आणि धर्मग्रंथ देवाने फुंकलेला आहे असं ज्या वाक्यात म्हटलंय तिथेही हाच धातू. म्हणून इंग्रजीत 1300 च्या आसपास इन्स्पिरेशन आलं ते देवाची प्रेरणा याच अर्थाने, फुफ्फुसात हवा घेणं हा साधा अर्थ इंग्रजीत त्यानंतर, सोळाव्या शतकात रुळला. गोव्यात मडगावचं होली स्पिरिट चर्च आहे, पोर्तुगीजमधे 'एस्पिरितु सांतु', तोही हाच स्पिरितुस. इंजेक्शनआधी कापसावर घेतात ते स्पिरिटसुद्धा, कारण किमयागार द्रव तापवून त्याची वाफ धरायचे आणि ती वाफ म्हणजे त्या पदार्थाचा आत्माच असं मानायचे.

कॉन्स्पिरसी म्हणजे एकत्र श्वास घेणं, लॅटिनमधे तो एकदिलाने वागणं अशा चांगल्या अर्थानेही यायचा, कटकारस्थान हा त्याचाच दुसरा अर्थ. स्पायरल मात्र यातला नाही, तो ग्रीकमधल्या वेटोळ्याच्या शब्दावरून आलाय.

आपल्याशी खरं रक्ताचं नातं आहे ते लॅटिनच्या दुसऱ्या शब्दाचं, 'आनिमा', म्हणजे वारा, श्वास, जीव. संस्कृतचा 'अन्', श्वास घेणे, तो आणि आनिमा एकाच जुन्या मुळाचे, त्यातूनच आपले प्राण, अपान, अनिल. आनिमावरून 'ॲनिमल' झाला आणि प्राणावरून 'प्राणी', हजारो मैल लांब बसलेल्या लोकांनी श्वास घेतो तो जीव याच विचाराने दोन्ही शब्द घडवले, हे मला अजूनही थक्क करतं. प्रेरणा या शब्दात मात्र श्वास नाही, त्यात 'ईर्' धातू आहे, हलवणं, पुढे ढकलणं. म्हणजे तिकडे देव फुंकर मारतो आणि इकडे पाठीत हात घालून पुढे लोटतो.

जुना शब्दशः अर्थ टिकलाय तो हॉस्पिटलमधे. ऑपरेशननंतर किंवा कोविडच्या काळात अनेक घरांत ते तीन बॉलवालं प्लास्टिकचं यंत्र आलं होतं, स्पायरोमीटर, नाव परत त्याच 'स्पिरारे' वरून. बरेच पेशंट त्यात जोर लावून फुंकतात आणि बॉल जागचे हलत नाहीत, कारण ते ओढायचं असतं, नळी तोंडात धरून श्वास आत घेताना हवेचा वेग सेकंदाला 600 मिलिलिटर झाला की पहिला बॉल वर जातो, 900 ला दुसरा, 1200 ला तिसरा, आणि फिजिओथेरपिस्टच्या भाषेत त्या आत ओढण्याचं नाव इन्स्पिरेशनच.