अंधाराचा हिशेब ठेवणारी इंग्रजी

‘फोर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा, असं आपण शाळेत पाठ केलं. पण हा शब्द बनला तो ‘चौदा रात्री’ या जुन्या इंग्रजी शब्दांवरून. आपला पंधरवडा पंधरा तिथींचा आणि त्यांचा चौदा रात्रींचा. याच घराण्यातला ‘सेनाइट’, म्हणजे सात रात्रींचा आठवडा, एकोणिसाव्या शतकात मागे पडला. दिवसांऐवजी रात्री मोजायची ही सवय जर्मन टोळ्यांची. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ.स. 98 च्या सुमारास तिची नोंद केली आहे. याच टोळ्यांपैकी काही पुढे समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये गेल्या आणि जाताना ही मोजणीही घेऊन गेल्या.

तिथल्या मठांतल्या साधूंनी एका रात्रीचेही तुकडे पाडले. रात्री उठून प्रार्थना म्हणायची, तर वेळ कळायला हवी ना! बीड या साधूने 725 मध्ये कालगणनेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात रात्रीचे सात भाग आहेत: संधिप्रकाश, सांज, निजानीज, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट आणि उजाडणं. आपल्याकडे रात्रीचे प्रहर चार, त्यांचे भाग सात. जुन्या इंग्रजीत यातल्या शेवटच्या अंधाराला ‘उख्त’ म्हणत. त्यावरून आलेला ‘उख्तचेआरू’ हा शब्द मला फार आवडतो. त्याचा अर्थ उजाडण्याआधी छातीवर येऊन बसणारी काळजी. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात एका स्त्रीचा विलाप आहे. नवरा समुद्रापार गेलेला, कुठल्या मुलखात आहे ठाऊक नाही, आणि तिला ही उख्तचेआरू जडली आहे. जुन्या इंग्रजीच्या उरल्यासुरल्या साहित्यात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी सापडतो.

छातीवर बसणारं आणखी एक प्रकरण होतं. ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ ही घोडी नव्हे. झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारं ते भूत. घोडीसाठीचा शब्द वेगळा. पण उच्चार सारखे झाले आणि गोंधळ झाला. चित्रकार हेन्री फ्युझेलीने 1781 मध्ये या विषयावर जे गाजलेलं चित्र काढलं, त्यात बाईच्या छातीवर भूत आहे आणि पडद्याआडून घोड्याचं डोकंही डोकावतंय.

भुतांपेक्षा खरी भीती आगीची आणि चोरांची. ‘कर्फ्यू’ हा शब्द नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधला, मूळ अर्थ ‘विस्तव झाका’. संध्याकाळी घंटा झाली की निखारे राखेखाली ओढायचे आणि वर झाकण ठेवायचं. चुलीवर स्वयंपाक केलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. ही चाल इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमच्या नावावर खपवली जाते, पण अशी घंटा युरोपात इतरत्रही वाजत होती. 1285 च्या विंचेस्टर कायद्याने तटबंदीच्या शहरांची दारं सूर्यास्त ते सूर्योदय बंद ठेवायला लावली. पहारेकऱ्याला रात्री अनोळखी माणूस दिसला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. ‘नाइटवॉकर’, म्हणजे रात्री हिंडणारा, ही साधी ओळख न राहता आरोप झाला, तो अशा पहाऱ्यांच्या जमान्यात.

अंधारावर पोट भरणारेही होते. लंडनमध्ये पैसे घेऊन मशालीने वाट दाखवणाऱ्या पोरांना ‘मून-कर्सर’, म्हणजे चंद्राला शिव्या घालणारे, म्हणत; चांदणं पडलं की त्यांचा धंदा बसायचा. फ्रान्सिस ग्रोसने 1785 मध्ये बाजारू बोलीचा कोश छापला, त्यात हा शब्द आहे आणि ही पोरं बोळात गिऱ्हाईकाला लुटवण्यात सामील असतात, अशी पुस्तीही. याच कोशात ‘नाइटमन’ आहे. शौचकूप उपसणारा हा माणूस. हे काम रात्रीच चालायचं आणि त्याला थट्टेने ‘लग्न’ म्हणायचे. त्या मैल्याचं नाव ‘नाइट सॉइल’. त्याच्या खताला आपण सोनखत म्हणतो. इंग्रजांनी रात्र पुढे केली, आपण सोनं. लाज झाकायची रीत दोन्हीकडे तीच.

1807 मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले आणि पुढच्या काही दशकांत मशालवाली पोरं दिसेनाशी झाली.

कायद्याला मात्र ‘रात्र म्हणजे नक्की कधी’ हे ठरवावंच लागलं, कारण ‘बर्गलरी’, म्हणजे घरफोडी, हा गुन्हा तेव्हा फक्त रात्रीचा होता. जुनी कसोटी अशी: दिवसाच्या उजेडात माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर ती रात्र नव्हे. चांदण्यात ओळखू आला तर? ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने 1769 मध्ये लिहिलं, चांदणं जमेस धरायचं नाही, नाहीतर मध्यरात्रीचे कितीतरी चोर सुटतील. 1837 च्या इंग्लंडमधल्या कायद्यात रात्र घड्याळावर गेली: रात्री नऊ ते सकाळी सहा. 1860 मध्ये भारतासाठी केलेल्या दंड संहितेत मात्र रात्रीच्या घरफोडीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, असंच लिहिलं होतं.