आधी बेकायदा, मग सरकारी: आयरिश भाषेच्या माध्यमांची पार्श्वभूमी

१९८७ च्या नोव्हेंबरात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमाराच्या रॉस मुक भागात लोकांच्या टीव्हीवर एक नवंच केंद्र दिसू लागलं. त्याला परवाना नव्हता. ट्रान्समीटर कार्यकर्त्यांनी स्वतः उभा केलेला आणि कार्यक्रम सगळे आयरिशमध्ये. काही दिवसांत ते बंद झालं. पुढे नऊ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी, देशाच्या सरकारनेच आयरिश भाषेची वाहिनी सुरू केली. त्याच रॉस मुकमध्ये १९७० साली रेडिओही असाच विनापरवाना वाजला होता आणि दोन वर्षांत त्याचंही सरकारी केंद्र झालं होतं.

या भाषेवर सरकारचं प्रेम कागदोपत्री कधीच कमी नव्हतं. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला आणि शाळेत ती सगळ्यांना शिकावीच लागते. पण घरात, अंगणात, दुकानात आयरिश बोलणारे लोक मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरच्या विखुरलेल्या पट्ट्यांत उरले. या पट्ट्यांना ‘गेलताख्त’ म्हणतात. (आयरिश नावं इथे कानाने, जमतील तशी लिहिली आहेत. त्यांचं रोमन स्पेलिंग पाहून उच्चार ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं.) २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी ‘आम्हाला आयरिश बोलता येतं’ असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८, आणि त्यांतले गेलताख्तमधले सुमारे वीस हजार. शाळेत शिकलेले लाखो आणि घरात बोलणारे काही हजार, यांतल्या नेमक्या कोणासाठी बोलायचं आणि छापायचं, हा पेच प्रत्येक संपादकाला पडत आला आहे.

छापील मजकुराची सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीची. १८९३ साली डग्लस हाइड आणि सहकाऱ्यांनी ‘कॉनरा ना गेलगे’ ही भाषासंघटना काढली. १८९९ पासून तिचं साप्ताहिक निघू लागलं, त्याचं नाव ‘अन क्लीव सॉलश’, म्हणजे ‘प्रकाशाची तलवार’. १९०३ ते १९०९ या काळात त्याचे संपादक होते पॅट्रिक पिअर्स, पुढे १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी ज्यांना गोळ्या घातल्या ते. पिअर्स डब्लिनचे, आयरिश शिकून आत्मसात केलेले. सुट्टीत भाषेच्या सहवासात राहता यावं म्हणून त्यांनी एक छोटं घर बांधलं, तेही रॉस मुकमध्येच.

त्या काळचं आयरिश वेगळ्या वळणाच्या गेलिक टाइपात छापलं जाई. व्यंजन मृदू झालं की त्याच्या डोक्यावर टिंब यायचं. दिसायला देखणं प्रकरण, पण छापखान्याला खिळे वेगळे आणि कचेरीला टाइपरायटरही वेगळा. विसाव्या शतकाच्या मध्यावर टिंबाच्या जागी रोमन ‘एच’ आला, जुन्या स्पेलिंगमधली न उच्चारली जाणारी अक्षरं गळाली आणि १९५८ मध्ये अधिकृत प्रमाणभाषा जाहीर झाली. छपाई सोपी झाली. मात्र प्रमाणभाषा कोणाच्याच घरची नव्हती. कॉनाख्ट, मन्स्टर आणि अल्स्टर या तिन्ही प्रांतांच्या बोली आपापल्या जागी राहिल्या.

१ जानेवारी १९२६ रोजी नव्या देशाचं पहिलं रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाचं भाषण हाइड यांचंच होतं. नंतर मात्र आयरिशच्या वाट्याला थोडाच वेळ आला. ३१ डिसेंबर १९६१ ला टीव्ही सुरू झाला. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी या साधनाची तुलना अणुशक्तीशी केली: भलंही अपार करेल, बुरंही. गेलताख्तच्या घरांत या साधनातून शिरली ती मुख्यतः इंग्रजी.

म्हणून १९६९ मध्ये कॉनेमारातल्या तरुणांनी ‘गेलताख्त नागरी हक्क चळवळ’ उभी केली. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा नागरी हक्कांचे मोर्चे निघत होते, नावामागची प्रेरणा उघड आहे. भाषा वाचवा असं गाऱ्हाणं त्यांनी घातलं नाही. रोजगार, स्थानिक कारभार आणि आपल्या भाषेतला रेडिओ हे आमचे हक्क आहेत, अशी त्यांची मांडणी होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा सांधा इथे बदलला. राजधानीतल्या भाषाप्रेमींसाठी गेलताख्त हा जपून ठेवायचा ठेवा होता. तिथल्या पोरांनी सांगितलं, आम्ही कर भरणारे नागरिक आहोत. १९७० च्या ईस्टरला त्यांनी ‘सीर राड्यो खोनामारा’ म्हणजे ‘मुक्त रेडिओ कॉनेमारा’ हे केंद्र विनापरवाना चालवलं. २ एप्रिल १९७२ रोजी, पुन्हा ईस्टरच्याच रविवारी, ‘राड्यो ना गेलताख्ता’ अधिकृतपणे सुरू झालं. मुख्य केंद्र डब्लिनला न ठेवता कॉनेमारातल्या कास्ला गावी ठेवलं, जोडीला अल्स्टरमधल्या डोनेगॉल आणि मन्स्टरमधल्या केरी इथे स्टुडिओ.

या केंद्राने दोन कामं केली. केरीच्या म्हाताऱ्याला डोनेगॉलची बोली रोज ऐकू येऊ लागली. सुरुवातीला दुसऱ्या प्रांताचा आवाज आला की रेडिओ बंद करणारेही होते. हळूहळू कान सरावले आणि ‘त्यांचं आयरिश आपल्याला कळत नाही’ ही तक्रार बरीचशी निवळली. दुसरं काम म्हणजे गावची खबरबात. कोण वारलं, दफन कधी आणि कुठे, हे आजही रेडिओवर वाचून दाखवतात आणि लोक हातातलं काम थांबवून ऐकतात. नियमही कडक होते. इंग्रजी शब्दांची गाणी लावायला २००५ पर्यंत बंदी होती.

टीव्हीची लढाई जास्त लांबली. आयरिश कार्यक्रम नाहीत म्हणून टीव्हीचं परवाना शुल्क भरायला नकार देणाऱ्या काहींनी तुरुंगवासही सोसला. शेजारी वेल्समध्ये १९८० साली ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने वेल्श वाहिनीसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि थॅचर सरकारने माघार घेतली. १९८२ मध्ये वेल्श वाहिनी आली. आयरिश कार्यकर्ते अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरही जाऊन आले. एवढ्याशा लोकसंख्येला स्वतःचा टीव्ही परवडतो कसा, हे त्यांना बघायचं होतं. १९८७ चं बेकायदा प्रक्षेपण या सगळ्यातून आलं. १९९३ मध्ये सांस्कृतिक खात्याचे मंत्री झालेले गॉलवेचे कवी मायकल डी. हिगिन्स, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, यांनी वाहिनीचा निर्णय तडीस नेला. पैशांची उधळपट्टी म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली.

‘तेलिफीश ना गेलगे’ असं मूळ नाव असलेली ही वाहिनी १९९९ मध्ये ‘टीजी फोर’ झाली आणि २००७ मध्ये राष्ट्रीय प्रसारण संस्थेपासून स्वतंत्र झाली. तिने चतुराईने खेळ धरले. महिलांचं गेलिक फुटबॉल, सायकल शर्यती, टेनिस, आणि समालोचन आयरिशमध्ये. शब्द न समजणाराही सामना बघतोच. मालिका, माहितीपट इंग्रजी उपशीर्षकांसह येतात. त्यामुळे प्रेक्षक वाढला, पण कान सोडून डोळ्यांवर विसंबण्याची सवयही लागली, असं काही आयरिशभाषक म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. वाहिनीच्या चित्रपट योजनेतून निघालेल्या ‘द क्वाएट गर्ल’ला २०२३ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात आयरिश भाषेतल्या चित्रपटासाठी ते पहिलंच.

छापील वृत्तपत्रांचं तसं झालं नाही. १९४३ मध्ये सुरू झालेलं ‘इन्यू’ १९८४ ला थांबलं. बेलफास्टच्या ‘ला’ने दैनिक होण्यापर्यंत मजल मारली, पण तेही २००८ च्या शेवटी मिटलं. ‘गेलश्केल’ २०१० ते २०१३, एवढंच टिकलं. बहुतेकांचा श्वास सरकारी अनुदानावर चालायचा, ते आटलं की अंक बंद. त्यातही एक अडचण कोणी फारशी मोठ्याने बोलत नसे. गेलताख्तमधल्या कित्येकांना आयरिश बोलणं सहज जमे, पण पेपर इंग्रजीच वाचायची सवय. २०१४ पासून ‘तूरिश्क’ हे बातम्यांचं संकेतस्थळ ती जागा बऱ्यापैकी भरून काढतंय, अनुदानाचा टेकू घेऊनच.

२०२१ च्या सुधारित भाषा कायद्याने सार्वजनिक संस्थांच्या जाहिरातींपैकी निदान वीस टक्के आयरिशमध्ये देणं बंधनकारक केलं, आणि जाहिरात खर्चाचे पाच टक्के आयरिश माध्यमांकडे वळवायला सांगितलं. नावांमधल्या ‘फादा’चीही दखल याच कायद्याने घेतली. फादा म्हणजे स्वर दीर्घ करणारी वरची तिरपी रेघ. ती गेली की शब्दाचा अर्थ बदलतो, तरी कित्येक सरकारी संगणकांना ती नोंदवता येत नव्हती.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये ‘अबर’ नावाचा प्रकल्प लिहिलेलं आयरिश संगणकाकडून वाचून घेतो. मजकूर टाकण्याआधी तिथे कॉनाख्ट, मन्स्टर की अल्स्टर, हे निवडावं लागतं.